नसीमा आणि साजिदला भेटवताना

पहाटे पाचला उठून मी स्वयंपाकघरात बसते, कारण हॉलमध्ये सासूबाई झोपलेल्या असतात आणि आतल्या खोलीत मुलगा, त्याचं त्या वर्षी दहावीचं वर्ष होतं. ओट्याशेजारी एक छोटं फोल्डिंगचं टेबल आहे, तेच माझं लिहायचं टेबल. त्या दिवशी माझ्या प्रेमकथेच्या मालिकेचा भाग ४३ लिहायचा होता आणि अडचण अशी होती की तिची नायिका नसीमा आणि नायक साजिद दोघं एकाच खोलीत होते, मध्ये फक्त एक तानपुरा, बाहेर पाऊस, घरातले बाकीचे सगळे लग्नाला गेलेले, आणि दोघांच्याही मनात जे आहे ते बोलायला आता काहीच आडकाठी नव्हती. पण ते बोलले असते तर कादंबरी तिथेच संपली असती. अजून ३५ भाग जायचे होते. आणि त्यांना नुसतं गप्प बसवणं मला पटत नव्हतं, कारण वाचणाऱ्या बाईला लगेच कळतं की हे दोघं गप्प का आहेत, त्यांना काही कारण आहे म्हणून गप्प आहेत की लेखिकेला भाग वाढवायचेत म्हणून.

मी गेली नऊ वर्षं प्रेमकथा लिहिते. आधी दिवाळी अंकांना कथा पाठवायचे, मग मोबाईलवरच्या कथांच्या अ‍ॅपवर मालिका लिहायला लागले, आणि दोन कादंबऱ्या छापून आल्यात. अकरा ते सहा सांगलीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी आहे. लोक विचारतात की तुम्हाला हे सुचतं कधी आणि करता कधी, म्हणून या एका कादंबरीचं पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं झालं ते लिहून ठेवतेय.

सुरुवात खरं तर माझ्या मावशीपासून होते. तिच्याकडे दर शनिवारी वाचनालयाची दोन पुस्तकं यायची, खाकी कव्हर घातलेली, पाठीवर नंबर लिहिलेला, आणि ती दुपारी सगळी कामं आवरून पंख्याखाली चटईवर पडून वाचायची. सुमती क्षेत्रमाडे, शकुंतला गोगटे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे ही नावं मी शाळेच्या पुस्तकात नाही, त्या खाकी कव्हरांवर वाचली. क्षेत्रमाडे बाई तर पेशाने डॉक्टर होत्या. या बायकांनी लिहिलेलं महाराष्ट्रातल्या हजारो घरांत दुपारी वाचलं गेलं, वाचनालयांचं रजिस्टर त्यांच्यावर चालायचं, आणि तरी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना दोन ओळी मिळतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मावशीचं लग्न सतराव्या वर्षी झालं, न विचारता, आणि ती जे वाचायची त्यात पहिल्यांदा तिला असा पुरुष भेटला जो बाईला काय हवं असं विचारतो. हे तिनेच मला सांगितलंय. २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या जुन्या वाचनालयात पाणी शिरलं आणि पुस्तकांचा लगदा झाला तेव्हा ती फोनवर रडली होती. मी लिहिते ते मावशी वाचेल असं धरूनच लिहिते, अजूनही.

तर नसीमाची गोष्ट. २०२४ च्या उन्हाळ्यात मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी पेपरात आली. मिरज आमच्यापासून दहा-बारा किलोमीटर, लहानपणापासून जाणं-येणं, पण सतारमेकर गल्लीत मी एकदाच गेले होते, तेही मैत्रिणीच्या मुलीचा तानपुरा दुरुस्तीला टाकायला. बातमी वाचून ती दुपार आठवली. दुकानात भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि आत पडद्यामागे कोणीतरी तार छेडत होतं, थांबत होतं, परत छेडत होतं. दहा-पंधरा मिनिटं तेच. आत कोण आहे ते शेवटपर्यंत दिसलं नाही. मी घरी येऊन डायरीत एक ओळ लिहिली, "पडद्यामागे मुलगी असेल तर?"

एवढंच होतं. माझ्या बहुतेक गोष्टी अशाच एका प्रश्नावर सुरू होतात, नायक नायिका नंतर येतात. मग मी प्रश्नाला प्रश्न लावत बसते. मुलगी का आत बसलीय? कारण वडिलांचे हात थरथरतात, कंपवात आहे, आणि आता सगळं बारीक काम तीच करते, पण गिऱ्हाईक येतं ते वडिलांच्या नावावर. तिचं काम वडिलांचं म्हणून विकलं जातं. मग याला धक्का कोण लावणार? असा माणूस जो नुसता आवाज ऐकून हात ओळखतो. तो साजिद. शेजारच्या कारखान्यातला मुलगा, पुण्यात वाद्यांच्या दुकानात दुरुस्तीचं काम करतो, आजारी भावासाठी गावी आलाय. त्याच्याकडे एक तानपुरा येतो आणि तो ऐकून म्हणतो, ही जवारी चाचांची नाही. जवारी म्हणजे घोडी घासून तारेला आणलेला घुमणारा आवाज, आणि चाचा म्हणजे नसीमाचे वडील. प्रेमात पडायला याच्याहून मोठं कारण मला सुचलं नाही. तिला कोणीतरी ओळखलं, चेहरा न बघता, तिच्या कामावरून.

आणि यातच अडसरही मिळाला. साजिद हे बोलला तर चाचांची अब्रू जाते. तो गप्प राहिला तर नसीमा जन्मभर पडद्यामागे. ती लग्न करून पुण्याला गेली तर दुकान बंद. तो मिरजेत राहिला तर पुण्याच्या पगारावर चाललेलं भावाचं औषधपाणी थांबतं. यात कोणीही वाईट नाही. मला खलनायक लिहायला आवडत नाही, आणि गैरसमजावर गोष्ट चालवायला तर अजिबातच आवडत नाही, म्हणजे त्याने तिला कुणाबरोबर तरी बघितलं आणि न विचारता निघून गेला वगैरे. मोबाईलच्या काळात जो गैरसमज एका फोनवर मिटतो त्यावर वीस भाग लिहिणं ही वाचणाऱ्याची फसवणूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. दोन चांगल्या माणसांना लांब ठेवणारं खरं कारण शोधायला मला या कादंबरीत दीड महिना लागला, त्या दीड महिन्यात मी एक ओळही गोष्ट लिहिली नाही, नुसत्या नोंदी.

नावांवरून घरात चर्चा झाली. नवरा म्हणाला, समीर आणि सई ठेव ना, वाचक जास्त मिळतील. ओळखीच्या एक-दोन लेखिकाही तेच म्हणाल्या. पण मिरजेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या शिकलगार घराण्यांनी केलंय, पूर्वी तलवारी-भाल्यांना धार लावणारे लोक, त्यांच्या हातातून एकोणिसाव्या शतकात वाद्यं घडायला लागली. त्यांच्या गल्लीतली, त्यांच्या कामाची गोष्ट लिहायची आणि माणसं मात्र माझ्या सोयीची घालायची, हे मला जमलं नसतं. फक्त ते घर मला आतून माहीत नव्हतं. शाळेपासूनची माझी एक मैत्रीण मिरजेची आहे, तिच्याकडे मी चार रविवार गेले. सकाळी काय खाता, आजारी माणसाशी कसं बोलता, मुलीला बघायला येतात तेव्हा कोण कुठे बसतं, घरात दखनी उर्दू आणि दुकानात मराठी हे नक्की कुठे बदलतं. ती म्हणाली, उंबऱ्यावर. मी तसंच ठेवलं. घरातले संवाद मराठीतच लिहिले पण अम्मी, अब्बा, आपा, चाचा आणि काही लकबी तिच्याकडून तपासून घेतल्या. तरी पहिल्याच महिन्यात चूक झाली, मी रमजान भर पावसात दाखवला आणि एका वाचक ताईंनी लिहिलं की तुमची गोष्ट २०२४ ची आहे ना, मग रमजान मार्चमध्ये होता. बरोबर होतं त्यांचं. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो हे मला माहीत होतं पण मी कॅलेंडर उघडलं नव्हतं. त्या दिवसापासून डायरीत मागच्या पानावर कादंबरीचं कॅलेंडर, कुठल्या भागात कुठली तारीख, चंद्र कुठला, पाऊस आहे की नाही, अब्बांची गोळी किती वाजताची, सगळं.

रोजचं वेळापत्रक सांगायचं तर पाच ते पावणेसात लिहिणं. मग चहा, डबे, सासूबाईंची औषधं. साडेदहाला बस. मंगळवार, शुक्रवार, रविवार रात्री नऊला भाग टाकायचा, एक भाग अकराशे ते तेराशे शब्दांचा, म्हणजे आठवड्याला साडेतीन हजार शब्द काहीही झालं तरी हवेत. हे ऐकायला फार वाटत नाही पण ३१ जुलैच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या ऑफिसात रिटर्न भरायची गर्दी असते, रात्री साडेआठ-नऊला घरी येतो आम्ही, त्या दिवसांसाठी मी जूनमध्येच सात भाग पुढचे लिहून ठेवले होते. पुढचे भाग हाताशी नसतील तर मला झोप लागत नाही. काही जणी भाग टाकायच्या दिवशीच लिहितात, त्यांचं मला कौतुक आहे.

संवाद मी स्वयंपाक करताना बोलून घेते, मोबाईलचा माईक चालू करून. भाकरी थापताना नसीमा जे बोलते ते टेबलावर बसून कधीच बोलत नाही. बोलताना वाक्यं आखूड होतात, मध्येच तुटतात, माणसं अशीच बोलतात. फक्त मोबाईल दर वेळी जवारीचं ज्वारी करायचा, सहा महिने मी रोज ती ज्वारी शोधून बदलली. सासूबाई हॉलमधून सगळं ऐकत असतात. त्या माझ्या पहिल्या वाचक, खरं तर श्रोत्या, डोळ्यांमुळे वाचता येत नाही आता. कुठे खटकलं तर त्या सरळ सांगतात. एकदा मी साजिदला नसीमासाठी पुण्याहून महागडी साडी आणायला लावली तर त्या म्हणाल्या, "अगं भावाच्या औषधाला पैसे नाहीत म्हणतो आणि साडी आणतो, असल्या माणसाला मी पोरगी नसती दिली." मी साडी काढली, त्याऐवजी त्याने तिच्यासाठी बारीक दातांची नवी कानस आणली. तो भाग सगळ्यात जास्त वाचला गेला.

आता भाग ४३ ची गोष्ट. त्यासाठी आधी जवारी म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं, मला ते समजायलाच किती दिवस लागले. तानपुऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, घोडी म्हणजे एक छोटा पूल असतो, त्याच्यावरून चार तारा जातात. घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो पण सपाट नसतो, अगदी किंचित उतरता असतो, आणि तो उतार असा घासावा लागतो की तार तिथे हलकेच टेकत-सुटत राहते, त्यातून तो भरलेला, घुमणारा आवाज येतो. शिवाय तार आणि घोडीच्या मध्ये एक सुती दोरा सरकवतात. तो दोरा केसभर पुढे-मागे केला की बंद आवाज एकदम उघडतो. मी हे गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरांच्या शेजारी बसून बघितलं, त्यांना सगळे चाचाच म्हणतात. त्यांनी माझ्या हातात तो दोरा दिला आणि म्हणाले, सरकवा. मी सरकवला, काही नाही. परत सरकवला, काही नाही. मग त्यांनी माझा हात न धरता, नुसतं बोट दाखवून सांगितलं, थोडं अलीकडे, बास, आणि तार बोलायला लागली. माझ्या अंगावर काटा आला. बसमध्ये परत येताना मला कळलं की त्या खोलीत, त्या पावसात, नसीमा आणि साजिद काय करतील. ते बोलणारच नाहीत. ते जवारी लावतील.

पाच वाजता बसले ती पावणेसातला उठले तेव्हा अकराशे शब्द झाले होते. त्याने दोरा सरकवायचा, तिने घोडी घासायची, मध्ये ताणलेल्या तारा, हात एकमेकांच्या इतक्या जवळ की तारेचा थरथराट दोघांनाही जाणवतोय, आणि शेवटी आवाज उघडतो तेव्हा तो म्हणतो, "आता कोणीही ओळखेल." ती म्हणते, "कोणाला?" आणि भाग संपतो. त्यांना बोलायला काही उरलंच नाही म्हणून ते गप्प, मला थांबवावं लागलं नाही.

ठरलेल्या दिवशी रात्री नऊला भाग टाकला आणि साडेनऊपर्यंत प्रतिक्रियांचा पाऊस. एकीने लिहिलं की ती बाळंतपणाला माहेरी आलीय, रात्री बाळ जागतं तेव्हा वाचते. एक काका नेहमी येतात, रेल्वेतून रिटायर झालेले, ते फक्त "पुढे?" एवढंच लिहितात. आणि एका मुलीने लिहिलं की मी माझ्या अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानात काजं-बटणं करते, माझं नाव बोर्डावर नाही. तिला काय उत्तर लिहावं हे मला दोन दिवस सुचलं नाही. मी प्रत्येकीला उत्तर देते, रविवारची दुपार त्यातच जाते, आणि ती वेळ वाया जाते असं मला कधी वाटलं नाही. त्या मुलीला मी शेवटी एवढंच लिहिलं की तुमचा निरोप मी नसीमापर्यंत पोचवते.

काही जणांनी मात्र तक्रार केली की एवढा पाऊस, एवढा एकांत, आणि हात लागला फक्त? हा प्रश्न प्रेमकथा लिहिणाऱ्या प्रत्येकीला येतो, किती लिहायचं. मी यावर पुष्कळ विचार केलाय. आपल्याकडे चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली होती, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९६९ मध्ये कोर्टाने ती अश्लील नाही असा निकाल दिला. सात वर्षं एका कथेसाठी कोर्टाच्या पायऱ्या! मराठी प्रेमकथा लिहिणाऱ्या आपण सगळ्या त्या माणसाचं थोडं देणं लागतो. त्यामुळे मी भीतीने काही गाळत नाही. माझ्या आधीच्या कादंबरीत नवरा-बायकोच्या शरीराबद्दल मी स्पष्ट लिहिलंय, कारण त्या गोष्टीत ते दोघं दहा वर्षं एका पलंगावर अनोळखी होते आणि ते तिथेच सुटणार होतं. नसीमाला मात्र स्पर्शाच्याही आधी कोणीतरी आपलं काम ओळखावं अशी भूक होती. ज्या गोष्टीत जी भूक आहे ती भागली पाहिजे, दुसरीच भागवून चालत नाही.

भाग ५० च्या सुमाराला मी अडकले. साजिदला पुण्याला परत पाठवायचं होतं पण तो जाईना, म्हणजे मी लिहायचे आणि वाचायला गेलं की खोटं वाटायचं. तीन वेळा तो स्टेशनवर गेला आणि तीन वेळा मी भाग फाडला. त्याच आठवड्यात कळलं की माझ्या आधीच्या मालिकेचे सगळे भाग एका व्हिडिओ चॅनेलवर कोणीतरी वाचून टाकलेत, माझं नाव काढून, नायिकेचं नाव बदलून. ऐकणारे हजारोंनी. खाली एका बाईंनी लिहिलेलं, किती सुंदर लिहिता हो तुम्ही, आणि त्या चॅनेलवाल्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. मला रडू आलं. पैशाचं तर आहेच, वाचक पुढचा भाग लवकर उघडायला जे पैसे भरतात त्यातून मला महिन्याला कधी नऊशे, कधी चार हजार येतात, त्यात मुलाच्या क्लासची फी निघते. पण मला लागलं ते नाव काढल्याचं. मी पुरावे गोळा केले, मूळ भागांच्या तारखा, स्क्रीनशॉट, आणि तक्रारीचा फॉर्म भरला. अडीच आठवड्यांनी व्हिडिओ निघाले. त्या अडीच आठवड्यांत रोज पहाटे बसले की मला नसीमा आधी दिसायची, साजिद नाही. तिचंही नाव काढलेलंच होतं की. मग भाग ५१ मध्ये साजिदला पाठवायचं सोडून मी नसीमाला बोलतं केलं. ती पहिल्यांदा अब्बांना म्हणाली, "हा तानपुरा कोणी केला, सांगा ना त्यांना." आणि अब्बा सांगू शकले नाहीत. तेव्हा साजिदला जायचं खरं कारण मिळालं, ती त्याला म्हणाली तू जा, तू इथे असलास तर सगळे म्हणतील पोरीने हे त्याच्यासाठी केलं. तो गेला. मला एक शब्दही ढकलावा लागला नाही.

शेवटाकडे वाचकांचा हट्ट निकाह दाखवा असा होता. मी दाखवला, पण त्याच्या आधीचा प्रसंग माझ्यासाठी खरा शेवट होता. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाण्याची सभा होते, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत, खाँसाहेब १९३७ मध्ये गेले आणि त्यांची कबर तिथेच आहे. तिथे एका गायिकेच्या मागे नसीमाने लावलेला तानपुरा वाजतोय, मागच्या रांगेत बायकांमध्ये ती बसलीय, आणि अब्बा उठून थरथरत्या हाताने माईक धरून सांगतात की ही जवारी माझ्या मुलीची. तो भाग लिहिताना माझा चहा दोनदा गार झाला. ७८ वा भाग डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी टाकला, आणि नंतरचे आठ दिवस मी पाचला उठून नुसती बसत होते.

पुस्तकाचं काम मार्चनंतर, मुलाचे पेपर संपल्यावर घेतलं. मालिकेचं पुस्तक करताना लोकांना वाटतं भाग जोडले की झालं. तसं होत नाही. मालिकेत प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागचं थोडं आठवून द्यावं लागतं, शेवटी उत्सुकता ठेवावी लागते, पुस्तकात तेच दर पाच पानांनी टोचतं. ९० हजार शब्दांचे ६० हजार केले. रेल्वेवाल्या काकांना आवडणारी दोन उपकथानकं काढली, त्यांना कळवलं, त्यांनी लिहिलं "बरं". मग प्रकाशक, ३०० प्रतींची आवृत्ती, २२४ पानं म्हणजे छपाईच्या भाषेत सोळा-सोळा पानांचे १४ फॉर्म. पहिलं प्रूफ आलं तर अर्ध्या पुस्तकातले रफार गायब. मी युनिकोडमध्ये टाईप केलेलं, पानं जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याकडे जुना फाँट, बदलताना सगळं सांडलं. सर्वचं सव, दर्ग्याचं दग्या, आणि "वार्‍यावर"चं काहीतरी वाचताच येईना. २२४ पानं मी लाल पेनाने तीन वेळा वाचली, एकदा फक्त रफारासाठी, पट्टी ओळीखाली धरून, उलट्या क्रमाने, कारण सरळ वाचलं की मी गोष्टीत शिरते आणि चुका दिसत नाहीत.

छापायला जायच्या आधी मी प्रूफं घेऊन मिरजेला गेले. चाचांना वाचायचा कंटाळा, त्यांच्या सुनेने त्यांना जवारीचा प्रसंग मोठ्याने वाचून दाखवला, मी शेजारी बसलेली. ऐकताना ते डोळे मिटून होते. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, माझ्या पोटात गोळा. मग म्हणाले, "छान लिवलंय बाई. पण तार ताणलेली ठिवून घोडी घासता येती व्हय? तार सैल करायची, बाजूला घ्यायची, कानस मारायची, परत चढवायची, सुरात आणायची, मग ऐकायचं. पटलं नाही की परत सैल." मी विचारलं किती वेळा. म्हणाले, "धा येळा. ईस येळा. दिस जातो."

मी तिथे बसून बघितलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी तार बाजूला घेतली होती, आणि लिहिताना मला तो ताण इतका हवा होता की मी ती ताणलेलीच ठेवली. सातशे-आठशे वाचकांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. प्रकाशकाला फोन करून मी दोन दिवस मागितले. तो वैतागला, पण दिले.

परत पहाटे पाचला बसले. आता ते दोघं तार सैल करतात, ती घासते, तो चढवतो, सुरात आणतो, दोघं ऐकतात, तिला पटत नाही, परत सैल. अकराव्या वेळी पाऊस थांबलेला असतो आणि तरी दोघांपैकी कोणीच उठत नाही. चार पानांचा प्रसंग सात पानांचा झाला, प्रकाशकाला पुढच्या प्रकरणातली तीन पानं कापून द्यावी लागली म्हणजे फॉर्म वाढला नाही. सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आता संध्याकाळ झाल्यासारखी वाटली बघ."